मानाई यायची थांबली

१० जानेवारी १९५७, गुरुवार

गोदीतल्या एका क्लिअरिंग एजंटाने ही डायरी दिली. मागच्या वर्षीही दिली होती, ती कोरीच्या कोरी रद्दीत गेली. यंदा लिहिणार आहे, कारण आज जे केलं ते चाळीत कुणाला सांगण्यासारखं नाही. बायकोला घेऊन फणसवाडीत मनाच्या डॉक्टरकडे गेलो होतो.

राधा वेडी नाही, हे आधीच लिहून ठेवतो. सैपाक करते, पाणी भरते, आयेचे पाय चेपते, महिनोन् महिने घरात तिचा आवाज म्हणून कळत नाही. पण तिच्या अंगात येतं. आमच्या गावची मानाई येते. केस सुटतात, डोळे फिरतात, बाई घुमायला लागते आणि मला, म्हणजे सीताराम बुधाजी तांबे, मॅट्रिक, गोदीतला टॅली क्लार्क, अशा माणसाला भर चाळीत 'शित्या' म्हणते. एरवी माझं नाव उखाण्यात घ्यायचं म्हटलं तरी तिची जीभ अडकते. शित्या खाली बस, शित्या नाक घास, शित्या या पोरीला हात लावलास तर तुझ्या घरातल्या पाण्याला शिवायची नाही मी. आणि मी नाक घासायचो. मग महिना दीड महिना हात आवरून धरायचो. देव मानत होतो तेव्हा, त्यात लपवायचं काय.

आता मानत नाही. डिसेंबरात दादरच्या वाळूत सगळ्यांबरोबर दीक्षा घेतली, घरी आलो, देवळीतले देवांचे टाक एका फडक्यात बांधले आणि समुद्राला दिले. आये हंबरून रडली. राधाच्या डोळ्यांत टिपूस नाही. आणि आठवडा झाला नाही तोच मानाई हजर. टाक समुद्रात आणि देवी आपली घरात. तोंड दाखवायला जागा राहिली नाही मला. बुद्धजयंतीला चाळीतल्या बौद्ध मंडळाचा नवा सेक्रेटरी निवडायचा आहे, माझं नाव पुढे आहे, आणि लोक आडून आडून विचारतात, काय सीताराम, मानाई बरी आहे ना? त्याच्या आत ही ब्याद जायला हवी.

डॉ. नाबरबाईंचं नाव ऑफिसातल्या हेडक्लार्कने दिलं. विलायतेत शिकून आलेली, पन्नाशीची, बिनलग्नाची बाई. गुरुवारी गरिबांना फुकट बघते. पाणी काचेच्या ग्लासातून दिलं, आणि नंतर तोच ग्लास विसळून स्वतः त्यातून प्याली. मी बघून घेतलं.

औषध काय देणार, विचारलं. औषध नाही म्हणाली, बोलायचं. आठवड्यातून एकदा येऊन राधाने बोलायचं आणि हिने ऐकायचं. मी म्हटलं, असे किती आठवडे? टायफॉइडलासुद्धा डॉक्टर सांगतो, अमुक दिवसांनी ताप उतरेल. तर म्हणे ते सांगता यायचं नाही.

"काही महिने तर नक्की, वर्षही लागेल," म्हणाली. "मध्ये एकदा तुम्हाला वाटेल, बरी झाली. मग वाटेल, पूर्वी होती तेच ठीक होतं. त्या दोन्ही वेळी थांबवायचं नाही."

मग संपलं कधी समजायचं, मी विचारलं. त्यावर म्हणाली,

"आज जे ती देवीच्या तोंडून बोलते, ते स्वतःच्या तोंडून बोलेल तेव्हा. पण ते ऐकून घेणारं घरात कुणी लागेल, सीतारामराव."

ऐकून घ्यायला आम्ही आहोतच की. जाता जाता विचारलं तिने, देवी कधी कधी येते. मंगळवार, शुक्रवार, पुनव, मी सांगितलं. आणि त्याच्या आधी घरात काय झालेलं असतं? काही नाही, म्हटलं, नेहमीचंच.

१७ जानेवारी

अर्धी रजा टाकून नेलं. आत त्या दोघी, बाहेर बाकावर मी. दार उघडल्यावर विचारलं, काय बोलली? काही नाही म्हणाली. काही नाही म्हणजे? तर गप्प बसली होती. गप्प बसायला परळहून गिरगावात कशाला यायला हवं, ती घरी बसतेच. डॉक्टरीणबाई म्हणतात, घरी गप्प बसणं वेगळं आणि इथलं गप्प बसणं वेगळं. विलायतेत हेच शिकवतात वाटतं.

३१ जानेवारी

आजही गप्प. आयेला सांगितलंय की राधाच्या पोटाचं दुखणं दाखवायला जातो. आये खूश आहे, तिला वाटतं नातवाचं काही जमतंय.

१४ फेब्रुवारी

गुण दिसतो. राधा आत बोलायला लागली आहे म्हणे. येताना ट्राममध्ये खिडकीशी बसली होती आणि चक्क गुणगुणत होती. संक्रांतीनंतर मानाई नाही. मी बाईंना म्हटलं, झालं की मग. त्या हसल्या नुसत्या आणि म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी वेळेवर या.

इकडे इलेक्शनची धामधूम. भोईवाड्यात समितीच्या सभेत मला पाच मिनिटं दिली. म्हटलं, ज्याचं घर त्याचा कारभार, मुंबई आमची आहे आणि आमच्या घरात दुसऱ्याचा हुकूम चालणार नाही. टाळ्यांनी मैदान दणाणलं. राधा बायकांत बसली होती, सुंदराबाईच्या शेजारी. सुंदराबाई म्हणजे आमच्या बाजूच्या खोलीतली विधवा, गिरणीत वाइंडिंगला आहे, मंडळाच्या बायकांचं सगळं ती बघते. सभा संपल्यावर मला म्हणाली, बरं बोललास सीताराम, तुझा आवाज आमच्या भिंतीतूनही असाच खणखणीत येतो. बायकांच्या जिभेला हाड नसतं.

७ मार्च

सगळं बिघडलं. राधा काम करता करता थांबते आणि मोरीच्या फरशीकडे बघत बसते. भाकरी करपते, दूध उतू जातं, बाई मोरीशी. परवा तिथेच बसून रडत होती, आवाज न करता, नळ सुरू ठेवून.

कशावरून ते लिहितो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला पाचवा महिना होता तेव्हा ती मोरीत पाय घसरून पडली. पोटातलं गेलं. इस्पितळाच्या कागदावरही तसंच आहे, पाय घसरून. मीच सांगितलं होतं तसं. त्या दिवशी भाताचा चिखल झाला होता, त्यावरून घरात काहीतरी बोलणं झालं होतं, नेमकं आठवत नाही. इस्पितळातून आणली आणि थोड्याच दिवसांत पहिल्यांदा मानाई आली. तेव्हापासून आजपर्यंत त्या गोष्टीचं कुणी नाव काढलं नाही. आता ही डॉक्टरीण खपली काढत बसली आहे.

आज सरळ विचारलं, बाई, तुम्ही बरी करताय की आजारी? म्हणाल्या, सांगितलं होतं ना, वाढल्यासारखं वाटेल. जे रडायचं राहिलं होतं ते ती आता रडते आहे. रडायचं राहिलं म्हणजे काय, बिल थकलंय का?

१७ मार्च, रविवार

गिरणगावात समितीने बाजी मारली आणि काल शिमगा, दोन्ही आनंद एकदम. थोडी घेतली. घेणार नाही म्हणून प्रतिज्ञा आहे, पण असे दिवस काय रोज येतात? घरी आलो तर चूल थंड, बाई मोरीशी. हात उठला. फार नाही. आणि लगेच मानाई! केस सुटले, दात वाजायला लागले, "शित्या, बस खाली."

मी बसलो. हेच मला कळत नाही. देव नाहीत, देवी नाहीत, हे मी स्वतः माइकवरून सांगतो. मनापासून सांगतो. पण तो आवाज आला की माझा हात लुळा पडतो. लहानपणी गावी मानाईपुढे बकरं पडायचं तेव्हा असंच व्हायचं. आयेने धावत जाऊन तिला कुंकू लावलं. घरातलं कुंकू मी फेकून दिलं होतं, हे कुठून आलं देव जाणे. (देव जाणे, असं लिहायचं नाही आता.)

२१ मार्च

डॉक्टरीणबाईंनी आज आधी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं आणि विचारलं, तुम्ही हात उचलता का? मी म्हटलं, नवरा-बायकोत होतं तसं. तर म्हणतात, देवी त्याच्या आधी येते की नंतर? च्यायला, मी काय कोर्टात उभा आहे? उठून बाहेर बाकावर जाऊन बसलो.

घरी येऊन राधाला विचारलं, काय काय सांगितलंस तिला? सांगेना. पुन्हा विचारलं. शेवटी सांगितलं तिने. कसं सांगितलं ते लिहीत नाही. मानाई आली नाही, कारण तिला यायला मी वेळच दिला नाही. तोंडावर हात दाबून धरला होता. हे आधी सुचायला हवं होतं.

४ एप्रिल

पुन्हा गप्प. मागचा गुरुवारही गप्प. डॉक्टरीणबाई म्हणतात, तिला कुणीतरी भीती घातली आहे. माझ्याकडेच बघून म्हणतात. वर म्हणाल्या, त्या दिवशी तिला न विचारता तुमच्याशी बोलले ही माझी चूक झाली, आता पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे तीन महिने पाण्यात. डॉक्टरनेच चूक कबूल केली तर माणसाने कुणाकडे बघावं?

थांबवणार होतो. पण जयंती तोंडावर आली आहे, आणि जयंतीला चैत्री पुनव पडते आहे. चैत्री पुनव म्हणजे गावच्या मानाईची जत्रा. मला धडकी भरली आहे.

१५ एप्रिल, सोमवार

झालं ते झालंच. काल बाबासाहेबांच्या माघारी पहिली जयंती. निळे झेंडे, लेझीम, चाळीच्या चौकात मेणबत्त्या. मी माइक धरून घोषणा देत होतो. मिरवणूक निघायची तेवढ्यात बायकांतून किंकाळी आली आणि राधा केस सोडून चौकात.

"शित्या, बाळ कुठाय माझं?"

अख्खी चाळ. मंडळाचे झाडून सगळे. दुसऱ्या चाळीतले पाहुणे. मी आपोआप खाली बसलो, माइक हातात तसाच. माझा श्वास सगळ्यांना भोंग्यातून ऐकू गेला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सुंदराबाईने राधाला मिठीत धरलं, पदराने तिचं तोंड पुसलं आणि खोलीत नेलं. मग माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "सीताराम, प्रतिज्ञा बावीस आहेत. तुझ्या फक्त देवांच्या पाठ आहेत. सगळ्यांवर दया करायची तीही त्यातच आहे."

तिला काय माहीत मी काय सोसतो.

१३ मे, सोमवार

बुद्धजयंती. सेक्रेटरीची निवड दसऱ्यापर्यंत पुढे ढकलली. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दसऱ्याला बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला वर्ष होतं, त्या दिवशी ठरवू म्हणाले. म्हणजे मला दसऱ्यापर्यंत मुदत दिली आहे. राधाला सांगून ठेवलं, तोवर बरी हो, नाहीतर तुला गावी नेऊन सोडतो आणि पुन्हा तोंड बघत नाही.

२० जून

फ्लूची साथ. गोदीत निम्मी माणसं नाहीत, बोटी तशाच उभ्या. डॉक्टरीणबाईही तापाने पडल्या आहेत, फणसवाडीतलं दार बंद. राधा गुरुवारी कपडे करून बसते. मी सांगितलं, बंद आहे. तरी बसते. आयेला आणि मला दोघांनाही ताप आला होता, राधाने आमचं सगळं केलं. मी तापात असताना माझ्या कपाळावर पाण्याची घडी ठेवत होती आणि माझ्याकडे बघत होती. असं कधी बघितलं नव्हतं तिने. मी डोळे मिटून घेतले.

१८ जुलै

पुन्हा सुरू झालं. आता सुंदराबाई तिला सकाळी नेते, तिची गुरुवारी दुपारपाळी असते. माझी रजा वाचली म्हणून हो म्हटलं.

अमावस्या गेली, पुनव गेली, मानाई नाही. दोनदा तसा प्रसंग आला होता, तरी नाही. उलट काल वेगळंच झालं. आयेने पाय चेपायला हाक मारली तर राधा म्हणाली, आये, आज माझे हात भरून आलेत, उद्या चेपते. घुमली नाही, रडली नाही, भाजी निवडता निवडता म्हणाली. आये आ वासून बघत राहिली. मग आपले पाय आपणच चेपून घेतले तिने. मला हसू आलं, आणि मग आलं नाही. हे काय नवीन?

२२ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडून बोलावलं. म्हटलं आता सर्टिफिकेट देतील. तर पुन्हा कीर्तन.

"देवी येत नाही याचा अर्थ काम झालं असा नाही. राधाबाईंनी एक काठी टाकलीय आणि स्वतःच्या पायावर नुकत्या उभ्या राहिल्यात. पाय कच्चे आहेत. आत्ता थांबवलंत तर काठीही गेली आणि पायही गेले."

मग म्हणाल्या, मंगळवारी तुम्ही स्वतः येत चला. कशाला, मी विचारलं. बोलायला. मी उठलोच. म्हटलं, बाई, माझ्या अंगात कुणी येत नाही. त्या म्हणाल्या, खरं आहे, तुमच्या अंगात येत नाही, अंगातून जात नाही. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. शिकलेल्या माणसांचं बोलणं असंच असतं, अर्धं आपण समजून घ्यायचं.

पण एक गोष्ट त्यांच्या तोंडून कळली ती पुरे. देवी येत नाही. मला तेवढंच हवं होतं.

५ सप्टेंबर

आज थांबवलं. सकाळी राधा कपडे करून निघाली, मी म्हटलं, आता जायचं नाही, तू बरी झालीस. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, मला गुरुवारी जायचंय. अशी सरळ. 'मला' आणि 'जायचंय'. आठ वर्षांत या घरात तिने 'मला' म्हटलेलं आठवत नाही. मी नाही म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, मला जायचंय.

मनात आलं ते लिहून टाकतो. हेच मानाईने सांगितलं असतं तर मी निमूट चप्पल घालून पोचवायला गेलो असतो. पण बायको सांगते म्हणून ऐकायचं तर मग नवरा कशाला व्हायचं?

सुंदराबाई न्यायला आली, तिला म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. कामावर जाताना बाहेरून कडी घातली. आये आत आहेच सोबतीला.

१९ सप्टेंबर

गुरुवारी कडी घालतो, बाकीचे दिवस उघडं. तिला म्हटलं, तू शहाणी झालीस तर हेही बंद करीन. राधा परत गप्प गप्प असते, पण हे गप्प बसणं पूर्वीचं नाही. पूर्वी मान खाली असायची.

२६ सप्टेंबर

नवरात्र बसलं. पलीकडच्या चाळीत घट आहेत, तिन्हीसांजेला तिथे ढोल घुमतो. दरवर्षी ढोलावर टिपरी पडली की राधाचे खांदे उडायला लागायचे. या वर्षी मी मुद्दाम खिडकी उघडी ठेवली आणि समोर खुर्ची टाकून बसलो. ढोल वाजला, झांज वाजली, राधा तांदूळ पाखडत होती ती पाखडतच राहिली. एक खांदा हलला नाही. मंडळाचे गंगाधर मास्तर जिन्यावरून बघून गेले. जाताना मान डोलावली त्यांनी. सेक्रेटरी नक्की.

३ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

दुपारी सभा झाली. धम्मदीक्षेला वर्ष झालं म्हणून अर्धं परळ लोटलं होतं. मी अंधश्रद्धेवर बोललो. आमच्या घरातल्या देवीला आम्ही शास्त्राच्या उपायाने घालवलं, म्हटलं, हे तुमच्यासमोर उदाहरण आहे. लोकांनी मागे वळून राधाला शोधलं. ती नव्हती. सणाची घाई म्हणून सकाळी कडी घालायची राहिली होती. सेक्रेटरी म्हणून माझं नाव वाचलं, हार पडला, आणि मी बायकांच्या बाजूला एकेक तोंड बघत होतो.

घरी आलो तर दहाव्या मिनिटाला ती आली. चप्पल काढली, पदर खोचला. कुठे गेली होतीस, विचारलं. फणसवाडीत, म्हणाली. एकटी? एकटी. माझ्या गळ्यात हार तसाच होता. हात उठला.

तिने मान काढून घेतली नाही. घुमली नाही, केस सोडले नाहीत, डोळे फिरवले नाहीत. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"सीताराम, हात खाली घे. माजा पाय घसरला नव्हता. तू ढकललंस."

आये भिंतीला टेकून बसली. सीताराम! 'शित्या' म्हणायची तेव्हा मला माहीत असायचं की ही राधा नव्हे, हिच्या तोंडून दुसरंच कुणी बोलतंय, आपण लहान, खाली बसायचं. आता मी तो आवाज कानात शोधत होतो. खरंच शोधत होतो, हात वर तसाच धरून. तो आवाज नव्हता. नुसता राधाचा होता, थोडा घोगरा, ट्रामची धूळ घशात गेलेला. माझी बायको माझ्या घरात माझं नाव घेऊन मला ढकलणारा म्हणत होती.

मग काय झालं ते कुणाच्याही घरात झालं असतं. फक्त या खेपेला मध्ये थांबवायला कुणी नव्हतं, म्हणून जरा जास्त झालं. माझाच हात दुखतो आहे लिहिताना.

थांबलो तेव्हा ती सरकत सरकत देवळीपाशी गेली. तिथे आता बुद्धाची तसबीर आहे. तिने केस सोडले. मांडी घातली आणि डुलायला लागली, इकडून तिकडे, इकडून तिकडे. ये बाय, म्हणत होती, ये बाय, एकडाव ये. दात वाजवून बघितले. ओठातून रक्त येत होतं त्यामुळे नीट वाजत नव्हते. पलीकडे शिलंगणाचा ढोल जोरात होता. आयेने कुठूनतरी कुंकवाचा करंडा काढला आणि तिच्यासमोर धरून बसली. मीही बघत होतो, खोटं कशाला लिहू, मलाही वाटत होतं की आता येते, आता शित्या म्हणते. जमिनीवर बसायची तयारी ठेवली होती मी.

आली नाही. राधाचे डोळे उघडेच होते. डुलत होती आणि उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. मग डुलायची थांबली.

आयेने करंड्याचं झाकण लावलं. तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नाय यायची आता ती. माझ्या तर अंगात कदी आलीच नाय. तुझ्या सासऱ्याच्या येळेला मी लई वाट बघितली." म्हातारपणी माणूस काहीही बरळतं. माझे वडील देवमाणूस होते.

मला एकदम हलकं वाटलं आणि हसू फुटलं. नऊ महिने मी त्या बाकावर बसून, रजा टाकून, लोकांचे टोमणे खाऊन जे मागत होतो ते डोळ्यांसमोर सिद्ध झालं. दसऱ्याच्या ढोलावर, रिकाम्या पोटी, हाका मारून मारून बोलावलं तरी मानाई आली नाही. विलायतेची विद्या खरी आहे, माझाच विश्वास कमी पडला होता.

बाहेर सुंदराबाई दार वाजवते आहे. कडी लावली आहे आतून, वाजवू दे. उद्या डॉक्टरीणबाईंना आठवणीने एक कार्ड टाकायला हवं, गुण आला म्हणून.